नऊ टोपल्या, एक पाचर

शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५

सकाळचं बीपी १५६/९८.

डॉक्टरांनी दोन कामं लावून दिली आहेत. बीपी रोज वहीत उतरवायचं आणि चालायचं. नुसत्या आकड्यांना एवढी जाडजूड डायरी कशाला? ऑइलवाल्याने दिलेली गेल्या वर्षीची कोरी पडली होती, तिच्या तारखा खोडून बाकीचंही लिहितोय. कुणी वाचेल ही भीती नाही. माझं अक्षर लागत नाही असं प्रेमलता लग्न झाल्यापासून म्हणते.

चालायचं कुठे, हा प्रश्न होता. मनवेलपाड्यात आमच्या इमारतीखाली उतरलं की रिक्षा थेट पायावर. मग ज्युड आठवला. वसई पश्चिमेला त्याची वाडी आहे. बारा वर्षं बोटीवर होता, परत आला तो हे नवं खूळ घेऊन. मे महिन्यात आमच्या वालीवच्या कारखान्यात लोखंडी कड्या वळवून घ्यायला आला होता. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणे डिस्क गोल्फच्या टोपल्या करायच्यात. नऊ टोपल्यांच्या कड्या मी स्वतः उभं राहून वळवून घेतल्या. तेव्हाच म्हणाला होता, "साहेब, एकदा खेळायला या." आज गेलो. वालीवची सुट्टी शुक्रवारी, जगाची रविवारी. वाडीत चिटपाखरू नव्हतं.

खेळ असा. थाळीएवढी प्लास्टिकची चकती. ती फेकायची, पडेल तिथे जायचं, तिथून पुन्हा फेकायची, असं करत खांबावरच्या टोपलीत पाडायची. टोपलीवर साखळ्या लोंबतात, चकती त्यांना आपटून खाली पडते. कमीत कमी फेकींत नऊ टोपल्या संपवायच्या. ऐकायला पोरखेळ. माझी पहिली फेक शेजारच्या नारळावर, दुसरी केळीत, तिसरी थेट बावखलात. बावखल म्हणजे या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं. ज्युड गुडघाभर पाण्यात उतरला आणि काढून आणली.

"पान्यात गेली की एक फेक जास्ती धरायची," तो म्हणाला.

"कोण मोजणार?"

"तुमीच. हितं पंच नाय. आपला आकडा आपन मोठ्यांदा बोलायचा."

हे मला आवडलं. बत्तीस वर्षं मापात काम केलंय. नवव्या टोपलीनंतर मी मोठ्यांदा बोललो, "एकोणसाठ." ज्युड हसला. चांगला खेळणारा सत्तावीसमध्ये संपवतो म्हणे.

दीड तास डोक्यात दुसरं काही नव्हतं. स्कूटरला किक मारली आणि गुरुदत्त आठवला.

शनिवार, ८ नोव्हेंबर

१५८/९६.

गुरुदत्तचं एकदा लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

गुरुदत्त आमच्या पॉवर प्रेसवरचा ऑपरेटर, वय एकतीस, कामणचा. मी त्या खात्याचा सुपरवायझर. २८ ऑक्टोबरला, मंगळवारी, सकाळी साडेदहाच्या चहानंतर त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं प्रेसमध्ये गेली. पोरगा डावखुरा. प्रेसला दोन बटणं असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा जड ठोकळा, म्हणजे रॅम, खाली येतो. दोन्ही हात बाहेर असल्याशिवाय मशीन चालूच होऊ नये म्हणून ही सोय. अडकलेला पीस सरळ करायला गुरुदत्तने डावा हात आत घातला, उजवा नेहमीसारखा बटणावर. आणि आत घातलेल्या हाताचं कोपर डाव्या बटणाला लागलं. मी धावलो, मशीन बंद करायचं लाल बटण दाबलं, पहारीने चक्र फिरवून रॅम वर घेतला, हात सोडवला. माझा सदरा रक्ताने भिजला. रिपोर्ट मीच लिहिला, 'कामगाराच्या अनवधानामुळे'. हॉस्पिटलात त्याला सही करता येईना, म्हणून उजवा अंगठा घेतला.

झालं ते असं.

प्रेमलताने दुपारी विचारलं, "त्या दिवशीच्या पँटच्या खिशात लाकडाचा तुकडा होता. टाकू का ठेवू?"

"टाक," म्हणालो. तिला काय, धुण्याच्या आधी खिसे तपासायची सवय आहे.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

१५०/९४. औषध लागू पडतंय.

आज छप्पन्न. खरं तर पंचावन्नच. पाचव्या टोपलीला फेकताना माझ्या पायाचा अंगठा खुणेच्या दोन बोटं पुढे गेला. चकती पडली तिथे एक छोटी चकती खूण म्हणून ठेवतात, पाय तिच्या मागे हवा. ज्युडचं लक्षही नव्हतं. पण मी मोठ्यांदा बोललो, "पाय पुढे गेला, एक वाढवा." मग आठव्याला पुन्हा शंका आली, तिथेही एक वाढवायला निघालो.

ज्युड म्हणाला, "बाबा, स्वताला येवढी सजा कोन लावतं? आठव्याला काय नाय झालं. मी बगितलं."

"आपण चोख बरे," मी म्हणालो. खरंच आहे ते. लबाडी मला जमत नाही.

परत येताना कामणला गुरुदत्तकडे गेलो. सीमाने, त्याच्या बायकोने, चहा केला. तो बाजेवर बसला होता, हाताला एवढं मोठं बँडेज. मला बघून उठायला लागला. बस म्हटलं. ख्याली-खुशाली झाली आणि मग त्याने सुरू केलं.

"साहेब, मी लई आठवून बगतो. माझा कोपर बटनाला लागलाच कसा? बटन तर खाली हाय. कोपर लागायला मला असा वाकायला पायजे." त्याने वाकून दाखवलं. "मी वाकलो नवतो. माझ्या ध्यानात तरी नाय. आनि ध्यानात नाय म्हंजी मंग काय समजायचा? माझा हात माझ्या म्हनन्यात नाय?"

"असं होतं रे कधी कधी. विसर आता."

त्यांची खुशी, तीन वर्षांची, त्याच्या मांडीवर चढायला बघत होती. त्याने तिला ढकललं नाही, पण हात वर धरून बसला. सीमा म्हणाली, "बगितलं? पोरीला उचलत नाईत. हातातना पाडीन म्हनतात. स्टोव्हपाशी येत नाईत, गाडीची चावी मला दिली. जखम भरंल ओ साहेब, पन ह्ये काय घेऊन बसलेत?"

चहा गोड होता. मला पूर्ण पिता आला नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

बीपी घेतलं नाही.

वही माझी, अक्षर माझं, कुणाला लागत नाही. मग लिहायला काय हरकत आहे.

कोपर लागलं नव्हतं. डाव्या बटणाच्या फटीत पाचर होती. लाकडाची, अंगठ्याएवढी. ती मी लावली होती.

छठपूजेसाठी अर्धे लोक गावाला गेले होते. माल दुपारी निघायचा होता, शेठ दर तासाला फोन करत होते. गुरुदत्त चहाला गेला म्हणून त्याच्या प्रेसवर मीच बसलो. दोन्ही हातांनी बटणं दाबत बसलं की पीस निम्मे निघतात. एका बटणात पाचर ठोकली की एक हात पीस लावायला मोकळा. वालीवमध्ये सगळीकडे चालतं. मीच वीस पोरांना त्यावरून फैलावर घेतलंय, आणि घाई असली की मीच केलंय. गुरुदत्त परत आला तेव्हा माझा फोन वाजला. शेठ. बोलत बोलत उठलो, तो बसला. पाचर तिथेच राहिली.

त्याला काय माहीत? एका बटणाने काही होत नाही, हे त्याला मीच शिकवलंय. विश्वासाने एक हात बटणावर ठेवून दुसरा आत घातला.

ओरडला तसा धावलो. लाल बटण दाबलं, पाचर काढून खिशात टाकली, चक्र फिरवून रॅम वर घेतला, हात सोडवला. पाच-सहा सेकंदांत सगळं. तोवर बाकीचे आले. कॅमेरा गेटकडे तोंड करून आहे.

हे लिहून बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

पण आता बोलून त्याची बोटं परत येणार आहेत का? मला निवृत्तीला दोन वर्षं. शेठ त्याला पॅकिंगला घ्यायला तयार आहेत. मी दुसऱ्या कुठल्या तरी प्रकारे त्याची भरपाई करेन. जे लागेल ते करेन.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

१४८/९२.

आज गुरुदत्तला स्कूटरवर मागे बसवून ज्युडच्या वाडीत नेलं. घरात बसून पोरगा सडायला लागलाय. सीमाने तर हात जोडले. मला ते बघवेना, स्कूटर लगेच चालू केली.

त्याने आधी चकती हातात घ्यायलाच नकार दिला. "मी डावा. उजव्या हातानी मी भातसुदा नीट कालवला नाय."

ज्युड म्हणाला, "मंग बरोबर जागी आला तू. ह्ये साहेब उजव्या हातानी फेकतात तरी त्यांची बावखलातच जाते."

गुरुदत्त पहिल्यांदा हसला. मग फेकली. चकती आडवी न जाता उभी झाली, दहा पावलांवर चाकासारखी घरंगळत पडली. त्याच्या चेहऱ्यावर घाम. म्हणाला, "सगले माझ्या मागं उभे ऱ्हावा. बाजूला कोनी नको. मला माझा भरोसा नाय."

नऊ टोपल्या संपेपर्यंत हेच. प्रत्येक फेकीआधी मागे वळून खात्री करायचा की आम्ही मागे आहोत. त्याचे बहात्तर झाले. माझे त्रेपन्न, आतापर्यंतचे सर्वांत कमी. मला आनंद व्हायला हवा होता.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

१४४/९२.

तो शिकतोय, माझ्यापेक्षा भराभर. मी मनगटाने फेकतो, तो कमरेतून. ज्युड म्हणतो भातलावणीची कंबर आहे. बाजू बदलल्यामुळे जुनी कुठलीच सवय आड येत नाही, सगळं नव्याने बसतंय. चौसष्ट.

मी अठ्ठावन्न. सहाव्या टोपलीला झाडाला लागून चकती परत माझ्याच पायाशी आली. गुरुदत्त पोट धरून हसला. त्याच्याबरोबर मीही हसलो, आणि तेवढ्यात त्याने विचारलं, "साहेब, त्या दिवशी तुमी किती लांब होता माझ्यापासून?"

"असेन दहा-बारा पावलं. का?"

"काय नाय. आठवून बगतो. मला मधलं तुकडं तुकडं आठवतंय. पन मी डोकं फिरलेला मानूस, माझ्या आठवनीला काय अर्थ?"

मी म्हणालो, "तुझी फेक आहे." माझी होती.

बुधवार, ३ डिसेंबर

१६०/१००.

कारखान्यांच्या सुरक्षेचं सरकारी कार्यालय चौकशी करणार आहे. १६ तारखेला माझा जबाब. शेठने केबिनमध्ये बोलावलं.

"आत्माराम, कागद तुम्ही लिहिलाय. त्यात आहे तेच बोला. पोराचा अंगठा आहे त्यावर. तो पण तेच बोलणार."

"हो."

"त्याला पॅकिंगला घेतो. आपण कुणाला रस्त्यावर टाकत नाही."

मी म्हणालो, "मेहरबानी." कुणाच्या वतीने म्हणालो कुणास ठाऊक.

शुक्रवार, ५ डिसेंबर

१५२/९६.

सीमाने डबा दिला होता. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. पाचव्या टोपलीपाशी केळीच्या सावलीत तिघांनी खाल्लं. गुरुदत्तने ज्युडला सांगितलं, "ह्ये साहेब नसते तर माझा पूर्न हात गेला आसता. मी तर बेसुद होत होतो. ह्यांनी काढला. देवमानूस हाय."

पाणी प्यायलो, ठसका लागला. त्याने उजव्या हाताने माझी पाठ चोळली.

१६ तारखेला काय बोलणार, तेही त्यानेच सांगितलं. "मी सांगनार, माझीच चूक. तुमच्यावर काय येऊ देनार नाय."

खेळाचा आकडा लक्षात नाही. बोललो काहीतरी.

मंगळवार, ९ डिसेंबर

बीपी नको वाटतं बघायला.

रात्रीचं जेवण झाल्यावर प्रेमलताने भांडी घासली, हात पुसले आणि समोर येऊन बसली. तिच्या हातात ती पाचर. टाकलीच नव्हती.

"हिला रक्त लागलेलं होतं," ती म्हणाली. "सदऱ्याला लागलं ते समजले मी. खिशाच्या आत, लाकडाला कसं लागलं?"

"मला मशीनमधलं काही कळत नाही. पण महिनाभर बघतेय. तुम्ही त्या पोराला मागे बसवून खेळायला नेता आणि घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून अर्धा तास उभे राहता. नळ सोडला तरी ऐकू येतं, अहो."

मला वाटत होतं तिला काही पत्ता नाही. महिनाभर बिचारी एकटीच हे घेऊन बसली होती. मग मी सगळं सांगितलं. चहा, फोन, पाचर. रागावेल असं वाटलं. ती इतकंच म्हणाली, "तो स्वतःला वेडा समजतोय. त्याच्या पोरीला उचलत नाही. तुमची नोकरी जाईल तर जाऊ दे, मी डबे करीन. पण त्याला सांगा. आधी त्याला, मग त्या सरकारी साहेबाला."

"तो तोंड बघणार नाही माझं."

"नाही बघितलं तर नाही."

शुक्रवार, १२ डिसेंबर

सांगितलं.

आधीच सांगणार होतो. कामणहून निघताना, मग पुलावर, मग ज्युडच्या फाटकाशी. प्रत्येक वेळी जीभ आत. पाच टोपल्या खेळलो. सहाव्याला गुरुदत्तने वीस-बावीस पावलांवरून फेकली आणि चकती सरळ साखळ्यांत. असा खणखणाट झाला की झाडावरचे बगळे उठले. त्याने दोन्ही हात वर केले. मग डाव्या हाताकडे बघितलं आणि खाली घेतला.

"उजवा ऐकतो बगा, साहेब. डावाच फितूर निघाला."

तेव्हा तोंडातून गेलं. "फितूर तो नाही. मी आहे."

त्याला वाटलं मी गंमत करतोय. मी म्हणालो, "गुरुदत्त, तुझं कोपर लागलंच नव्हतं. डाव्या बटणात पाचर होती. तू चहाला गेलास तेव्हा मी लावली आणि काढायची विसरलो. नंतर कुणी बघायच्या आत काढली. रिपोर्ट खोटा लिहिला. तुझा अंगठा मी घेतला."

तो हळूच म्हणाला, "म्हंजी मी वाकलो नवतो?"

"नाही."

"कोपर नाय लागला?"

"नाही रे. तू काहीच चुकला नाहीस."

तो मटकन खाली बसला आणि रडायला लागला. मोठ्याने, तोंड उघडं टाकून. ज्युड लांब बावखलाच्या काठावर होता, तो धावत आला, त्याला वाटलं साप चावला. मीही रडत होतो, पण माझ्या रडण्याला काय किंमत.

शांत झाल्यावर त्याने बावखलाच्या पाण्याने तोंड धुतलं आणि चालू लागला. मी स्कूटरकडे वळलो, तर म्हणाला, "नको. मी रिक्षानी जातो."

संध्याकाळी सीमाचा फोन. म्हटलं आता शिव्या. पण ती म्हणाली, "साहेब, तुमी काय जादू केली? आल्यापासून खुशीला कडेवर घेऊन फिरतायत. खाली ठेवतच नाईत. जेवले पन तसेच." त्याने तिला काहीच सांगितलं नव्हतं. मी सांगायला लागलो, तर मागून त्याचा आवाज आला, "फोन ठेव." तिने ठेवला.

मंगळवार, १६ डिसेंबर

१३८/८८.

जबाब दिला. पाचर मी लावली, काढायची विसरलो, नंतर काढून लपवली, रिपोर्ट खोटा लिहिला. पाचर टेबलावर ठेवली. अधिकाऱ्याने कागदात बांधून घेतली, दोन पानं लिहून घेतली, माझी सही घेतली. शेठ बाहेरच्या बाकड्यावर होते, सगळं ऐकलं. "उद्यापासून येऊ नका," म्हणाले. मी मान डोलावली.

गुरुदत्तही आला होता, त्याचा जबाब माझ्यानंतर. माझ्या समोरून गेला, बघितलं नाही.

घरी आलो तर प्रेमलताने गरम गरम पिठलं केलं होतं. पोटभर जेवलो. किती दिवसांनी. छाती मोकळी वाटते आहे. पुढे काय होईल ते होवो, पण खरं बोललो. सगळं सांगून टाकलं. आता लपवायला काही उरलं नाही. बीपी बघा ना, दीड महिन्यात इतकं कमी नव्हतं.

शुक्रवार, १९ डिसेंबर

खरं तर आता रोजच सुट्टी, पण शुक्रवार म्हणून वाडीत गेलो. एकटाच फेकत होतो. दुसऱ्या टोपलीला होतो तोवर फाटक वाजलं. गुरुदत्त. एकटा आला होता, स्वतःची गाडी चालवत. बँडेज सुटलंय. हात उघडा होता, मी तिकडे बघायचं टाळलं, मग बघितलं.

"खेलायचा?" त्याने विचारलं.

माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, माफ केलं पोराने. दोघं खेळत राहिलो. आकड्यांशिवाय तो एक शब्द बोलला नाही. चार. तीन. चार. आता मला बाजूला उभं राहू देत होता, मागे वळून बघत नव्हता. नऊ टोपल्यांत अठ्ठेचाळीस केले त्याने, माझ्यापेक्षा सहा कमी. शेवटची चकती टोपलीतून काढून त्याने काखेत धरली.

"साहेब, एक विचारायचंय. कागदात हाय का नाय मला ठाऊक नाय."

"विचार."

"पाचर तुमी कवा काढली? माझा हात काढायच्या आदी का नंतर?"

मला 'नंतर' म्हणता आलं असतं. तिथे आम्ही दोघंच होतो, आणि तो शुद्धीत नव्हता असं तो स्वतःच ज्युडला सांगत होता. १५ नोव्हेंबरच्या शनिवारी मी याच वहीत लिहिलंय, लाल बटण, पाचर, चक्र, हात. आत्ता मागे जाऊन वाचलं. ओळीने लिहिलंय आणि मला काही खटकलंही नाही. प्रेमलताला सांगताना, त्याला सांगताना, त्या अधिकाऱ्याला सांगताना सगळीकडे मी 'नंतर काढली' असंच म्हणालो होतो. अपघातानंतर, म्हणजे नंतरच, असं स्वतःला समजावत असेन.

"आधी," मी म्हणालो.

"माझा हात आत होता."

"हो."

"मला वाटलंच." त्याचा आवाज चढला नाही. "चक्र उजव्या अंगाला हाय. मी वरडत होतो आनि तुमी माझ्या डाव्या अंगाला वाकून कायतरी वढत होता. मला ते तवापासून दिसतंय. मी समजलो मला भास होतोय. मानूस मरायला टेकला की देव पन उलटा दिसतो, म्हनून सोडून दिला." मग विचारलं, "किती येल लागला काढायला?"

"मी ठोकून बसवली होती. घट्ट होती."

"किती?"

"पहिल्यांदा निघाली नाही. दुसऱ्यांदा ओढावी लागली."

त्याने त्या टोपलीच्या कडीवर हात ठेवला, डावाच हात. ज्युड कुठे दिसत नव्हता. मी म्हणालो, "गुरुदत्त, मला माफ..." त्याने मान हलवली, तसं मी थांबलो.

"ह्ये जबाबात नाय ना?"

"नाही."

"उद्या-परवा त्या सरकारी साहेबाचं हापीस बंद असंल," तो म्हणाला. "सोमवारी दहाला मी तितं येतो. सीमाला पन आनतो. तिच्यासमोर बोला."